बोलीवाल्यांचा युवाध्यक्ष

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. निलेशभाऊ जिवंत आहे. चांगला ठणठणीत आहे. परवाच मोखाड्याच्या स्टँडवर डोक्यावर गॉगल चढवून उभा दिसला. त्यामुळं मला ती अडचण नाही, मी मोकळेपणानं बोलतो.

आमच्या डोंगरात एक पक्ष निघाला. नाव लांबलचक आहे, ते सांगत बसत नाही. आम्ही त्याला नुसतं ‘बोलीवाल्यांचा पक्ष’ म्हणतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत चुलीपाशी जी बोली चालते ती शाळेतली मराठी नव्हे. तिला शाळेत जागा नाही, कचेरीत जागा नाही, म्हणून तिच्यासाठी भांडणारा हा पक्ष. कल्पना चांगली होती. वाईट होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, कारण मी स्वतः त्या बोलीत जन्मलो. सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा. मराठी मला शाळेत भेटली, तीही हातात छडी घेऊन. पुढं मीच मास्तर झालो आणि तीच छडी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर चालवली. पक्ष काढणारी चार म्हातारी माणसं सरळ होती, पायी हिंडायची, कुणाच्याही ओट्यावर बसून भाकर खायची. त्यातली दोन गेली, दोन अंथरुणाला लागली, आणि पक्षात उरली ती युवा आघाडी. तिचा अध्यक्ष निलेश.

आघाडीत एकूण सतरा जण. एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, दोन सरचिटणीस, प्रसिद्धीप्रमुख, सोशल मीडियाप्रमुख, त्याचा सहप्रमुख, आणि असेच बाकीचे. साधा सदस्य औषधालासुद्धा नव्हता. मी एकदा विचारलं, “अरे, सभा झाल्यावर सतरंजी कोण उचलतं तुमच्यात?”

निलेश जराही न हसता म्हणाला, “त्यासाठी आपण संघटक नेमलाय गुरुजी.”

त्याचा बाप माझा दोस्त. पंचायत समितीत क्लार्क होता, जव्हारला घर बांधून राहिला. पोराच्या तोंडाला पाड्याचा वास यायला नको म्हणून घरात बोली बंद केली. आजी बोलायला लागली की पोराला दुसऱ्या खोलीत पाठवायचा. पुढं पोरगं नाशिकला शिकलं, म्हणजे नाशिकला राहिलं. बापाला मी दोष देत नाही, कारण मीही माझ्या पोरांशी तेच केलं. फक्त माझी पोरं भाषेचे पुढारी झाली नाहीत, तेवढी अब्रू राखली त्यांनी.

तर असा हा निलेश. अंगात पांढरा कडक शर्ट, गळ्यात पिवळा पंचा, मनगटात तीन रंगांचे दोरे. समोरून कुणीही आला की मूठ वर करून “जोहार!” एवढं झालं की पुढचं सगळं मराठीत, मध्ये मध्ये ठाण्या-मुंबईकडची हिंदी. “भाऊ, टेन्शन नाय लेने का.” त्याला बोलीतले म्हणाल तर बारा-पंधरा शब्द येत होते. ते तो भाषणात असे पेरायचा, जशी लग्नाच्या पंगतीत भातावर डाळ वाढतात: लांबून, थोडी, आणि पुढं सरकत. माझ्या बायकोनं पहिल्यांदा त्याचं भाषण ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “ह्याला ताप आलाय का?”

त्याचं एक पालुपद होतं. कुणी काहीही गाऱ्हाणं घेऊन येवो, हा हात वर करून थांबवायचा आणि म्हणायचा, “मुळात विषय भाषेचा आहे.” एप्रिलात सूर्यमाळकडच्या बायका रिकामे हंडे घेऊन त्याच्याकडं गेल्या. विहीर आटली, टँकर चार दिवस आला नाही. हा म्हणाला, “मावशी, विषय पाण्याचा नाही, मुळात विषय भाषेचा आहे.” त्यातली एक म्हातारी जागच्या जागी म्हणाली, “मग भाषा भर बाबा हंड्यात.” हा तेही वाक्य दुसऱ्या दिवशी मोबाईलवर टाकून मोकळा, खाली स्वतःचा फोटो.

आघाडीचं पहिलं मोठं आंदोलन म्हणजे फाट्यावरच्या पाटीला काळं फासणं. पाटी मराठीत होती, म्हणून अपमान. सतरा जण तीन गाड्यांतून गेले, डांबर फासलं, घोषणा दिल्या. आता त्यावर आपल्या बोलीत लिहायचं, असं ठरलेलं होतं. ब्रश आणला होता, पांढरा रंग आणला होता. पण लिहायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. एका पाड्यावर एक बोलतात, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दुसरं. पोरं तासभर रस्त्यावर उभी राहून भांडली. शेवटी कार्याध्यक्षानं घरी आईला फोन लावला. आई म्हणाली, आम्ही गावाला गावच म्हणतो, आणि तू जेवायला कधी येणार? पाटी काळीच राहिली. अजून काळी आहे. सूर्यमाळ बघायला येणारे पाहुणे तिथं गाडी थांबवतात आणि गुराख्याला रस्ता विचारतात.

दुसरी गोष्ट माझ्याच अंगावर येते, पण सांगतो. पक्षाचा मेळावा होता आणि निलेशला पूर्ण भाषण बोलीत करायचं होतं. तो माझ्याकडं आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही लिहून द्या. कुणाला सांगू नका.” मी लिहून दिलं. का दिलं? मला वाटलं, कुणीतरी स्टेजवरून माझ्या आईची भाषा बोलेल. हाव माणसाला गाढव बनवते. मेळाव्याच्या दिवशी त्याच्या हातात कागद उलटसुलट झाले. त्यानं आधी दुसरं पान वाचलं, मग पहिलं. म्हणजे समारोप आधी झाला, मुठी वळून झाल्या, आणि त्यानंतर हा अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘आता मी बोलायला सुरुवात करतो.’ त्याला पत्ता नाही. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याला वाटलं, भाषण रंगलं. त्या दिवसापासून तालुक्यात फक्त मला पक्कं माहीत होतं की ह्या माणसाला वाचलेलं वाक्यसुद्धा कळत नाही. आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं ते मला फार महाग पडलं. मला म्हणजे सोमीला.

सोमी आमच्या पाड्यातली. पन्नाशीची, नवरा लवकर गेला. जंगलाच्या कडेला उतारावर तिचा दीडएक एकराचा तुकडा, नागली आणि वरई काढायची. तो तिच्या सासऱ्यानं दगड वेचून तयार केलेला, पण कागदावर जमीन जंगलखात्याची. कायद्यानं अशा जमिनीचा पट्टा कसणाऱ्याच्या नावावर होतो, पण ठरलेल्या तारखेच्या आधीपासून तुम्ही कसत होता हे दाखवावं लागतं. सोमीपाशी पावती नाही, दंडाची चिठ्ठी नाही. कायदा म्हणतो, कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाबही चालेल. आणि तो तुकडा तयार होताना बघितलेला असा माणूस पाड्यात एकच उरला होता, धर्माबाबा.

दिवाळी झाली की सोमी दरवर्षी वीटभट्टीवर जायची, खाली भिवंडीकडं. मे अखेरीपर्यंत तिथंच. पट्टा नावावर झाला की मोगऱ्याची रोपं मिळतात, शेततळं मिळतं. आमच्याकडं मोगऱ्यावर कितीतरी घरं वर्षभर गावात राहायला लागली होती. सोमीनं मोगरा कुठं लावायचा तेही ठरवून ठेवलं होतं, मला जागेवर नेऊन दाखवलं होतं. “गुरजी, एकदा कागद हातात येऊ दे. मग भट्टीचं तोंड बघणार नाय मी,” असं ती प्रत्येक भेटीत म्हणायची. अर्ज मीच लिहून दिला होता. आधीच्या कागदावर धर्माबाबाचा नुसता अंगठा होता, मजकूर नव्हता. म्हणून जव्हारच्या कचेरीतून निरोप आला की म्हाताऱ्याला समक्ष आणा, साहेब स्वतः विचारतील. साहेब भला माणूस होता. त्यानं काम सोपं करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं चार वाक्यं बोलायची, कारकुनानं लिहायची, आणि दावा पुढं सरकायचा. एवढंच.

आता हे निलेशला कळलं. तो पाड्यावर हजर. “मावशी, तुमचा प्रश्न आघाडीनं हातात घेतलाय.” मी सोमीला बाजूला घेऊन म्हणालो, “ह्याला कशाला? आपण तिघंच जाऊ एसटीनं.” ती म्हणाली, “गुरजी, रागावू नका. तुम्ही गेलात की शिपाई बाकावर बसवतो. हा गेला की साहेब उठून बाहेर येतो.” खोटं नव्हतं ते. मी गप्प बसलो. तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने होते आणि गप्प बसण्याचा माझा सराव चांगला होता.

धर्माबाबा ऐंशीच्या पुढचा. आमच्याकडं म्हाताऱ्याला डोसा म्हणतात, प्रेमानंच. पाड्यात सगळे त्याला डोसाच म्हणायचे. डोळ्यांनी अंधूक दिसायचं, पण डोकं लख्ख. तरुणपणी लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होता, ठेकेदारांशी, साहेबांशी बोलून बोलून मराठी पक्की. माझ्यापेक्षा चांगली म्हणा ना. आघाडी मागच्या गाड्यांत, पुढच्या जीपमध्ये मी त्याच्या शेजारी होतो. पुढच्या सीटवरून निलेश मागं वळला.

“बाबा, आज कचेरीत मराठीत एक शब्द बोलायचा नाही. साहेब काहीही विचारू दे, आपल्या भाषेतच उत्तर.”

“का रं?” डोसा म्हणाला. “मला येते ना मराठी.”

“येते म्हणूनच बोलायची नाही. मुळात विषय भाषेचा आहे.”

“मला वाटलं सोमीच्या जमिनीचा हाय,” डोसा म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. डोसा आयत्या वेळी बोलला असता मराठीत, त्याला कोण अडवणार होतं! पण घाटातल्या वळणावर वाघोबाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड, बाजूला मातीचे घोडे. तिथं आमची कुठलीही जीप थांबते, माणसं हात जोडतात. निलेशच्या डोक्यात व्हिडिओ आला. त्यानं सगळ्यांना दगडासमोर उभं केलं, डोशाचा हात धरून पुढं आणला, त्याचा तळवा शेंदरावर ठेवला, आणि मोबाईल सुरू झाल्यावर खड्या मराठीत म्हणाला, “घ्या वाघोबाची आण! आज आमच्या तोंडातून आमच्या भाषेशिवाय दुसरा शब्द निघणार नाही!”

सोळा जण ओरडले, “निघणार नाही!”

डोसा ओरडला नाही. त्यानं हळू आवाजात, बोलीत, दगडाला आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि आण घेतली. मी बघत होतो. वाघोबाची आण म्हणजे काय, हे त्या सतरा जणांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आमच्या जुन्या माणसांत ती मोडली तर घरात वाघ येतो म्हणतात. आता वाघ उरले नाहीत, पण आण उरली आहे. निलेशनं पंचा नीट केला आणि विचारलं, “रेकॉर्ड झालं ना? एकदा परत घ्यायचं का?” म्हणजे स्वतः घेतलेली आण त्यानं जागच्या जागी मोडली. वाघोबानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नसेल.

कचेरीत साहेबानं डोशाला खुर्ची दिली, पाणी दिलं. जवळ वाकून विचारलं, “बाबा, सोमीबाईंची ती जमीन कोण कसत होतं? कधीपासून?”

डोसा बोलला. बोलीत बोलला. मी आयुष्यात एवढा सुंदर जबाब ऐकला नाही. सोमीच्या सासऱ्यानं पहिला दगड कुठून उचलला, बांध घातला त्या वर्षी कुणाचं लग्न होतं, हिरड्याचं झाड किती उंच होतं, पहिल्या नागलीची भाकर कुणी कुणी खाल्ली. कोपऱ्यान् कोपरा सांगितला. सोमी मान हलवत ऐकत होती, तिचे डोळे भरले होते. बोलून झाल्यावर साहेब हसून म्हणाला, “मला समजलं नाही हो. निलेशराव, बाबा काय म्हणाले ते सांगा, आम्ही लिहून घेतो.”

सोळा पदाधिकारी अध्यक्षाकडं बघायला लागले. निलेशच्या कपाळावर घाम. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत मला त्या दिवसाचे उलटसुलट कागद दिसले. मग त्यानं छाती पुढं काढली.

“मी सांगणार नाही साहेब! शासनानं आमच्या भाषेचा अधिकृत दुभाषा नेमावा. तोपर्यंत हा जबाब होणार नाही!”

मागून घोषणा सुरू. मी उठलो. “साहेब, मी सांगतो. मी त्यांच्याच पाड्यातला.” साहेबाचा चेहरा उजळला. निलेश माझ्यावर ओरडला, “गुरुजी, तुम्ही शासनाचे पगारी नोकर! तुमचं भाषांतर आघाडीला मान्य नाही. आणि नोकरीत असताना तुम्ही इथं आलात कसे, त्याचीही तक्रार करावी लागेल!”

मी खाली बसलो. होय, बसलो. चार महिने राहिले होते. त्याला ओ की ठो कळत नाही एवढं एक वाक्य बोललो असतो तर तो तिथंच संपला असता. मी माझी पेन्शन मांडीवर घेऊन बसून राहिलो. निलेशबद्दल एवढं कडू बोलतो आहे, त्यातलं थोडं माझं आहे.

साहेब वैतागला, पण त्यानं अजून एक वाट ठेवली. “बाबा, तुम्हाला थोडी मराठी येते का? येईल तेवढी बोला.”

सोमी डोशाच्या पायाशी बसली. “बोल ना रं बाबा. तुला येते. दोनच शब्द बोल.”

डोशानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो रडत होता. बोलीत म्हणाला की पोरी, वाघोबाची आण घेतली मी. मग साहेबाकडं बघून त्यानं हात जोडले, आणि तोंड मिटून बसला. दुभाषा मागितल्यावर साहेबाचाही नाइलाज झाला, त्यानं तसं लिहून पुढची तारीख दिली. तारीख पावसाळ्यानंतरची पडली.

परत येताना मंडळी शिरपामाळला थांबली. महाराजांचा मुक्काम पडलेली जागा, मागं सगळा डोंगर दिसतो, व्हिडिओ झकास येतो. निलेश कठड्यावर उभा राहून म्हणाला, “आज आमच्या भाषेपुढं प्रशासन झुकलं!” दोनदा घेतलं, पहिल्यांदा वारा होता. डोसा जीपमध्ये बसला होता, त्याला पाणी हवं होतं. सोमी बाटली शोधत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

डोसा श्रावणात गेला. तीन दिवस ताप. धो धो पाऊस, ओढा भरलेला, आणि खोटं कशाला बोलू, निलेश त्या दिवशी आला होता. चपला हातात घेऊन, चिखलातून. ओढ्यातून तिरडी नेताना एक खांदा त्याचा होता. त्या पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. पंचा भिजून गळ्याला चिकटला होता आणि एकदा तरी तो मला त्याच्या आजीचा नातू वाटला. मनात आलं, चला, पोरगं शहाणं झालं. आठ दिवसांत स्टँडवर फ्लेक्स लागला. डोशाचा फोटो लहान, निलेशचा मोठा, वर ओळ: ‘आमच्या भाषेचा बुलंद आवाज हरपला.’ फोटो कचेरीतलाच होता, त्यात डोसा तोंड मिटून बसलेला.

पुढच्या तारखेला दुभाषा आला होता. सरकारनं खरोखर नेमला, अधिकृत. साक्षीदार नव्हता. नवे साहेब होते, त्यांनी फाइल उलटली, विचारलं, दुसरा कुणी वडीलधारा आहे का? कुणी नव्हता. दावा पुराव्याअभावी नामंजूर. वरती अपील करता येतं म्हणून मी कागद पाठवले आहेत, पण वरच्यांनाही पुरावाच लागतो, आणि पुरावा ओढ्यापलीकडं मातीत आहे. दसऱ्याला सोमीनं नागली कापली. तिला माहीत होतं की पुढच्या वर्षी रखवालदार नांगर घालू देणार नाही.

दिवाळीनंतर आघाडीनं मोखाड्याला मेळावा ठेवला. बाजाराच्या दिवशी ठेवला, म्हणजे गर्दी आयती. डोशाचा मरणोत्तर सत्कार. त्याला स्वतःचं कुणी नाही म्हणून शाल-श्रीफळ घ्यायला सोमीला बोलावलं होतं. ती आली. तिला तसंही बाजारात यायचंच होतं. बरोबर कपड्यांचं बोचकं होतं, ते तिनं स्टेजच्या पायरीशी ठेवलं. मी खाली लोकांत उभा होतो, नुकताच निवृत्त झालेला, आता कुणाच्या बापाला न भिणारा. शूरपणा असा वेळेवर येतो माझा.

निलेशनं तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, फोटोसाठी थांबला. मग माईकवर म्हणाला, “आता सोमीमावशी आपल्या गोड मायबोलीत दोन शब्द बोलतील.”

सोमीनं शाल काढली. तिची घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला. माईकजवळ आली आणि भट्टीवर शिकलेल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून बोलली.

“हा डोसा माझा साक्षीदार होता. त्याला मराठी येत होती. मला पण येते. त्या दिवशी तो साहेबाशी चार शब्द बोलला असता तर जमीन माझी झाली असती. ह्यानं त्याला वाघोबाची आण घातली आणि गप्प बसवलं. डोसा गेला. जमीन गेली. आता हा मला शाल देतो.”

निलेशच्या तोंडावर हसू तसंच होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, पण माईक चालू होता, सगळ्या बाजाराला ऐकू गेलं. “मावशी, आपल्या भाषेत बोला. आपल्या भाषेत.”

“तुला कळावं म्हणून मराठीत बोलते,” सोमी म्हणाली. “आपल्या भाषेत बोलले असते तर तू टाळ्या वाजवल्या असत्या.”

सुकी मासळी विकणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी मागं फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले, आणि ते हसू चांगलं नव्हतं. निलेशनं माईक ओढून घेतला. तो म्हणाला की मावशींच्या भावना अनावर झाल्या आहेत, आपण समजून घेऊ या, आणि आता धर्माबाबांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही.

आम्ही उभे राहिलो. एवढा बाजार, पण सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, मीसुद्धा. निलेशभाऊ मधोमध उभा होता, मान खाली, पंचा छातीवर सरळ, आणि अंगठा मोबाईलवर भराभर चालला होता. त्या क्षणी मी त्याला शेवटचं नीट बघितलं, त्यानंतर बघावंसं वाटलं नाही. सोमी थांबली नाही. ती पायरी उतरली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि बाजाराच्या टोकाला भट्टीवाल्याचा टेंपो उभा होता तिकडं गेली. आमची दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत टेंपो निघूनही गेला.